या व्यक्तीवर तुमचा विश्वास आहे का?

४ जून

चि. धाकटीस,

आशीर्वाद आहेतच, त्यांची मुदत दरवर्षी वाढवावी लागत नाही. पत्र मात्र निव्वळ कामाचं आहे, तेव्हा पाकीट उघडताना हळवी झाली असशील तर इथेच सावर.

तुझा पत्ता आत्याने दिला. फोन नंबरही मागितला होता, तर म्हणाली, "नंबर मिळायचा नाही. फोनवर तुम्ही दोघं पहिल्याच वाक्याला तुटता. पत्र लिही. पत्र फाडायला निदान दोन हात लागतात." आत्या हल्ली सुभाषितं रचते.

काम असं आहे. जाण्यापूर्वी तू घरच्या संगणकावर जो अँटिव्हायरस बसवलास, तो १ तारखेपासून पिसाळला आहे. दर दहा मिनिटांनी पडद्याच्या कोपऱ्यातून एक लाल चौकट वर येते आणि ओरडते, 'तुमचा संगणक धोक्यात आहे!!' दोन उद्गारचिन्हं. मी वीस वर्षं लोकांची उद्गारचिन्हं खोडून पोट भरतो आणि माझ्याच टेबलावर हा तमाशा! परवा एका बागकामाच्या पुस्तकाची प्रुफं तपासत होतो. 'मुळांना पाणी बेताने घालावे' या वाक्यावर ती चौकट येऊन बसली ती हलेना. खाली दोन बटणं: 'आत्ताच मुदत वाढवा' आणि 'नंतर आठवण करा'. नंतर म्हणजे पुन्हा दहा मिनिटांनी. 'नको' असं बटणच नाही! चोराची भीती घालून स्वतःची नोकरी टिकवणाऱ्या रखवालदाराला काय म्हणावं? मला संस्कृतमध्ये तीन शब्द सुचले, तिन्ही छापण्याजोगे नाहीत.

तेव्हा त्याला काढून टाकायचं ठरवलं. तर काढायलाही पासवर्ड लागतो आणि तो तू घातलेला. बाबांच्या दुकानाचं नाव घालून पाहिलं. तुझी जन्मतारीख घातली. मग रागात तुला जे जे म्हणावंसं वाटतं ते एकेक घातलं. तीनदा चुकलं की यंत्र अर्धा तास थांबायला लावतं, त्यामुळे एकूण अठरा शब्दांतच दुपार गेली.

तो पासवर्ड एका साध्या कार्डावर लिहून पाठव. नमस्कार-चमत्कार नकोत.

बाबा ठीक आहेत. संध्याकाळी मी संगणक बंद करून खुर्ची मागे सारली की त्या आवाजावर विचारतात, "धाकटीचं काही आलं का?" मी म्हणतो, "नाही." तीन वर्षं आणि पाच महिने मी हेच उत्तर देतो आहे आणि ते देताना माझी मान खाली जावी असं त्यात काही नाही, पाठवणाऱ्याने पाठवायला हवं होतं. आत्या तुझी खुशाली सांगते तेवढ्यावर ते दिवस काढतात. त्यांच्या उजव्या डोळ्याबद्दल मी या पत्रात अक्षर लिहिणार नाही. तुला जे म्हणायचं होतं ते तू त्या दिवशी दारात उभी राहून, जिन्यातल्या लोकांनाही नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हणालीच आहेस.

कळावे, आणि मुख्य म्हणजे कळवावे.

दादा


१४ जून

चि. धाकटीस,

दहा दिवस झाले, कार्ड नाही. हरकत नाही. तुझ्यावाचून अडलं नाही, हे सांगायलाच लिहितो आहे. (पत्र शेवटपर्यंत वाच. अडलं आहे.)

नवा अँटिव्हायरस निवडायचा म्हणून मी रीतसर अभ्यास केला. आमचे प्रकाशक म्हणाले, "आमचा घ्या, मस्त आहे." कशावरून मस्त? "आजवर काही झालं नाही." त्या न्यायाने माझी टोपीही मस्त आहे, घालायला लागल्यापासून डोक्यावर एकदाही वीज पडलेली नाही. समोरचे बँकवाले म्हणाले, "मी काहीच बसवत नाही, आलेलं काही उघडतही नाही." हा माणूस घरी आलेल्या पाहुण्यांनाही दार उघडत नाही, तेव्हा त्याचं आचरण सुसंगत आहे. मग तुलनात्मक लेख वाचले, पाच. पाचांत पाच वेगळे पहिले नंबर. आणि प्रत्येक लेखाच्या तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, त्याच पहिल्या नंबराची जाहिरात. 'मोफत' या शब्दावर तारा आणि ताऱ्याचा खुलासा दुसऱ्या पानावर! एखाद्या भाष्यकाराने असं केलं असतं तर गुरुजींनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

शेवटी मी एक निवडला. का, ते विचार. त्याच्या संपूर्ण माहितीपत्रकात एकही उद्गारचिन्ह नव्हतं. हसू नकोस. माणूस आपल्या विद्येनेच पारख करणार.

जुना निघत नव्हता, म्हणून नवा त्याच्या शेजारीच बसवला. आणि घरात सुंदोपसुंदी सुरू झाली. ते दोन राक्षस भाऊ तुला आठवत असतील. त्यांना दुसरं कुणी मारू शकत नव्हतं, म्हणून ते एकमेकांच्या हातून मेले. जुन्याने नव्याला 'धोकादायक' ठरवलं, नव्याने जुन्याला 'संशयास्पद', आणि दोघांच्या मारामारीत संगणक गोठला. बागकामाचं पुस्तक आत, मी बाहेर.

खाली चौकात एक बाई संगणक दुरुस्त करतात. गळ्यात स्टेथोस्कोप असल्यासारखी वायर अडकवून फिरतात, म्हणून मी त्यांना डॉक्टरीणबाई म्हणतो. त्या आल्या, दोन मिनिटं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"सर, दोन बसवलेत?"

"जुना निघेना, म्हणून म्हटलं…"

"एका दाराला दोन कुत्री बांधलीत तुम्ही. चोराकडे बघणार कोण? एकमेकांवरच भुंकतायत."

"मग जुन्याला सोडा."

"त्याच्या साखळीला कुलूप आहे. किल्ली कुणाकडे?"

आतल्या खोलीतून बाबा म्हणाले, "धाकटीकडे."

बाईंनी दुसरा मार्ग सांगितला. माझं काम बाहेर काढून ठेवायचं आणि संगणक पुसून कोरा करायचा. "फक्त एक," त्या म्हणाल्या, "जुन्याच्या कोठडीत त्रेचाळीस वस्तू आहेत. संशय आला की तो वस्तू तिथे कोंडतो. पासवर्डाशिवाय उघडता येत नाही. पुसलं की त्या गेल्या."

म्हटलं, "विषच असणार. जाऊ द्या."

"जाऊ द्या काय?" भिंत चाचपत बाबा बाहेर आले. "न बघता?"

त्यांची ती पत्र्याची डबी तुला आठवते. घड्याळ उघडलं की निघालेला प्रत्येक स्क्रू, कुठला कळो न कळो, त्या डबीत. दुरुस्त घड्याळ आठ दिवस नीट चालेपर्यंत डबीतलं काही फेकायचं नाही. बाबा बाईंना म्हणाले, "चाळीस वर्षं घड्याळं उघडली. काय आहे ते पाहिल्याशिवाय एक कणही केरात टाकला नाही. तुम्ही पुसू नका. तो तिला परत लिहील."

"मी?" मी म्हटलं.

"मग काय मी लिहू? मला कागद दिसतो का?"

बाईंनी पंचवीस तारखेपर्यंत मुदत दिली आणि नव्याला तेवढ्यापुरता झोपवून गेल्या.

संस्कृतात घट्टकुटीप्रभातन्याय म्हणून एक गोष्ट आहे. जकात चुकवायला एक व्यापारी आडवाटांनी रात्रभर भटकतो आणि उजाडल्यावर बघतो तर नेमका जकातनाक्याच्या दारात उभा. मी तुझ्या दारात उभा आहे. उजाडलेलं आहे. पासवर्ड पाठव.

आणखी एक. मागच्या वर्षी दोनदा फोन वाजला, मी 'हॅलो' म्हणताच पलीकडून ठेवला गेला. बाबांना मी सांगितलं, राँग नंबर. तो तू होतीस का, हे मी विचारत नाही. नुसतं लिहिलं.

दादा


२२ जून

धाकटे,

कुरियर परवा मिळालं. एवढं मोठं पाकीट आणि आत चिठ्ठीवर तीन शब्द: 'आधी मला विचार'. ना मायना, ना सही. मी तासभर संतापून फेऱ्या मारल्या. म्हटलं, विचारलंच ना, दोन पत्रं लिहून विचारलं, आणखी काय साष्टांग दंडवत घालू? बाबा ऐकत होते. म्हणाले, "अरे, तोच पासवर्ड असेल."

तोच होता. इंग्रजी अक्षरांत, सलग. हा पासवर्ड आहे की ताकीद? घरातल्या मोठ्या भावाने कधी हा रखवालदार हलवायला घेतलाच, तर त्याने कोणती अक्षरं टाइप करावीत हे तू इतक्या वर्षांपूर्वी ठरवून ठेवलंस!

पण आजचा राग त्याचा नाही. डॉक्टरीणबाई आल्या, कोठडी उघडली. त्रेचाळीस वस्तू. एक खराखुरा विषाणू, 'तातडीचे बिल' असं नाव घेऊन आलेला. एक माझा जुना मराठी फॉन्ट, ज्याला हे शहाणं यंत्र दरोडेखोर समजलं. आणि उरलेल्या एक्केचाळीस तुझ्या. तुझी ईमेलची पत्रं, प्रत्येकाला जोडलेलं एकेक ध्वनिमुद्रण. 'बाबांसाठी – १' पासून 'बाबांसाठी – ४१' पर्यंत. महिन्याला एक. पहिलं, तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवसाचं. शेवटचं गेल्या मे महिन्यातलं.

बाई म्हणाल्या, "सर, नशीब. एरवी तीस दिवसांनी कोठडी आपोआप साफ होते. इथे कुणीतरी 'कधीच पुसू नका' असं ठेवलंय." मी मान डोलावली. कुणीतरी म्हणजे कोण, आणि ती सवय कुणाच्या डबीवरून लागली, हे त्यांना काय सांगणार?

तू स्वतः बसवलेल्या पहारेकऱ्याने तुझंच पत्र आत येऊ दिलं नाही! एकदा नाही, एक्केचाळीसदा! आणि विषाणूचं बिल पकडलं म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली. ही कंपनी कोण लागून गेली माझ्या बापाचं टपाल अडवणारी? मी तक्रारीचा मसुदा केला आहे, सहा परिच्छेद, शेवटचा जरा जहाल आहे. उद्या त्यांच्या मदतकेंद्राला फोन करतो. लेखी माफी घेतल्याशिवाय सोडणार नाही.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते दुपारी झोपले होते. आधी कंपनीकडून खुलासा घेतो, मग सांगतो. मी एकही ऐकलेलं नाही.

दादा


२४ जून

धाकटे,

या पत्राला मायना सुचत नव्हता. चार लिहिले आणि खोडले. शेवटी नेहमीचाच ठेवला आहे.

मदतकेंद्राला फोन केला. पाऊण तास बासरी ऐकवली. मधून मधून एक आवाज सांगत होता की माझा फोन त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. मग एक मुलगी आली, आवाजावरून पंचविशीतली. मी तिला सहाही परिच्छेद वाचून दाखवले. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. हल्ली हे गुण दिसत नाहीत.

मग म्हणाली, "सर, आपण नोंदवही उघडूया का? डावीकडे, तिसरं चित्र."

उघडली.

"पहिली नोंद वाचता का?"

मी वाचली. 'पाठवणारी व्यक्ती कायमची रोखली. १२ जानेवारी, सायंकाळी ६:४०. निर्णय: वापरकर्ता.'

"वापरकर्ता म्हणजे कोण?" मी विचारलं. वास्तविक कळलं होतं.

"सर, त्या वेळी खुर्चीत जे बसलेले असतात ते."

मी तिचे आभार मानले. तिने विचारलं, तक्रार नोंदवायची का. म्हटलं, नको.

१२ जानेवारी. आदल्या दिवशी तू गेली होतीस. तू दारात म्हणालीस, "तुझ्या 'पिकू दे, पिकू दे'नं बाबांचा डोळा गेला." मी ते वाक्य रात्रभर आणि दुसरा सगळा दिवस तोंडात घोळवत होतो. संध्याकाळी खुर्चीत बसलो आणि तुझ्या नव्या नोकरीच्या ईमेल पत्त्यावरून काहीतरी आलं. रखवालदाराने पिवळी चौकट दाखवली. पत्ता अनोळखी, पण नाव तुझं. खाली प्रश्न: 'या व्यक्तीवर तुमचा विश्वास आहे का?'

मला कुणी प्रश्न विचारला की मी खरं उत्तर देतो, ही माझी खोड तुला माहीत आहे. मी 'नाही' दाबलं. खाली बारीक अक्षरांत 'हे उत्तर लक्षात ठेवा' असं होतं आणि त्यावर आधीच खूण केलेली होती. मी मुद्रितशोधक. बारीक अक्षरं वाचणं हाच माझा धंदा. ती मी वाचली नाहीत. माझा राग फार तर आठवडाभर टिकणारा होता गं. यंत्राने तो तीन वर्षं जपला.

आणि मग मी ते विसरलो. हे खरं आहे. पण पुरतं खरं नाही. एक पत्र आलं होतं एवढं मला अधूनमधून आठवायचं, आणि प्रत्येक वेळी मी स्वतःला सांगायचो, असेल काहीतरी भांडणाचंच. मनातून वाटलं असतं तर पुन्हा लिहिलं असतं.

काल संध्याकाळी मी खुर्ची मागे सारली. बाबांनी विचारलं, "धाकटीचं काही आलं का?"

म्हटलं, "आलं." आणि सगळं सांगितलं, ६:४० सकट.

त्यांनी डबीचं झाकण उघडून पुन्हा लावलं. मग म्हणाले, "मी तेव्हा मागेच बसलो होतो. विचारलं होतं तुला, काय आलं म्हणून. तू म्हणालास, जाहिरात आहे."

मला हे आठवत नव्हतं. त्यांना होतं.

"स्क्रू तूच काढलास," ते म्हणाले. "डबीत राहिला हे तिच्यामुळे. किती आहेत?"

"एक्केचाळीस. शेवटचं लावू का आधी? ताजं आहे."

"काटे कुणी उलटे फिरवतं का? पहिल्यापासून लाव."

कानाला हेडफोन लावून बसले. पहिल्यातच तू म्हणतेस की खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ सहा मिनिटं पुढे धावतं आणि ते कसं उघडायचं कळत नाही. बाबा मोठ्याने म्हणाले, "मागचं झाकण डावीकडे फिरव. डावीकडे! जोर नको लावू." साडेतीन वर्षं उशिरा पोचलेला सल्ला आहे, घड्याळ अजून पुढेच असेल तर उपयोगी पडेल. आज दुपारपर्यंत ते नवव्यावर आले आहेत. जेवायला उठत नाहीत.

शेवटचं मात्र मी ऐकलं, त्यांना न विचारता. तू म्हणतेस, "दादाला ऐकवायचंच नसेल तर नसो. हे शेवटचं. त्या रखवालदाराची मुदत मी दरवर्षी इथून वाढवत होते, या वर्षी नाही वाढवणार. तुमचं घर तुम्ही सांभाळा." म्हणजे १ तारखेपासून जी लाल चौकट माझ्यावर ओरडत होती, ती तू हात काढून घेतल्याची खबर होती. आणि मी तिची उद्गारचिन्हं मोजत बसलो!

जुना अँटिव्हायरस आज निघाला. नवा, तो बिनउद्गारचिन्हांचा, एकटा कारभार बघतो आहे. त्यालाही पासवर्ड द्यावा लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लांब ठेवा सर, आणि कुणाला सांगू नका." मी ठेवला: 'उशीर मी केला'. इंग्रजी अक्षरांत, सलग. यंत्राने हिरव्या अक्षरांत शेरा दिला, 'भक्कम'. हा शेरा मला पुष्कळ वर्षांत कुणी दिला नव्हता. रोज सकाळी तो टाइप केल्याशिवाय काम सुरू होत नाही, अशी व्यवस्था मी मागून करून घेतली आहे. कुणाला सांगायचा नाही, म्हणून फक्त तुला सांगितला.

डोळ्याबद्दल अक्षर लिहिणार नाही असं पहिल्या पत्रात म्हटलं होतं. तेही खोडायला हवं. तू तुझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडून शस्त्रक्रियेची तारीख घेऊन आली होतीस. मी म्हटलं, मोतीबिंदू आहे, पिकू दे अजून. आणि तो आत पिकून फुगला, डोळ्यावर दाब चढला आणि डोळा गेला. तू दारात जे म्हणालीस ते जिन्यातल्या लोकांनीही ऐकलं आणि त्यांनाही ते खरं वाटलं. मलाच तेवढं खोटं ठरवायचं होतं.

आता डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू उतरला आहे. इथले डॉक्टर ९ जुलैला करू म्हणतात. तुझ्या त्या डॉक्टरांकडे न्यावं असं तुझं मत असेल तर तिकडे नेऊ. बाबा निघायला तयार आहेत, त्यांनी डबीसुद्धा पिशवीत घातली आहे. मी अजून कुणाला हो म्हटलेलं नाही.

आधी तुला विचारतो आहे. फार वेळ घेऊ नकोस. या घरात एकाने केला तेवढा उशीर पुरे.

दादा